अमेरिकेत बसला पाठिंबा आणि दारात पिकअप: हे आकडे वाचायचे कसे?

पर्वरीकर

गोव्यातल्या आमच्या पंचायतीतले काही जण ग्रामसभेपुढे ठेवायला एक सर्वेक्षण करतायत. बसफेऱ्या वाढवाव्यात का, बाजारात पार्किंगला पैसे लावावेत का, आधी पदपथ की आधी रस्ता रुंद, असे विषय. प्रश्न कुठून घ्यायचे यावर दोन तट पडलेत. एक म्हणतो, अमेरिकेत या विषयांवर कित्येक दशकं सर्वेक्षणं होतायत, तिथले प्रश्न उचलू आणि भाषांतर करू. दुसरा म्हणतो, तिथला माणूस कागदावर पर्यावरण लिहितो आणि शोरूममधून पिकअप घेऊन बाहेर पडतो, ते प्रश्न घेऊन इथे काय उजेड पडणार?

जाणकारांना विचारायचं आहे: तिथले कुठले आकडे विश्वासाने वापरावेत? बोलणं आणि वागणं यात एवढी तफावत का दिसते? आणि आपल्याकडे विचारताना ती चूक टाळायची कशी? गावात साधारण 2,000 घरं, 6,000 मतदार, 9 प्रभाग. पैसे फारसे नाहीत, कॉलेजची मुलं आहेत.

आकडेमोड

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

अमेरिकेत या विषयावरच्या जुन्या सलग मालिकांपैकी एक म्हणजे जनरल सोशल सर्व्हे. 1972 पासून चालू आहे. त्यात ‘देश अमुक गोष्टीवर खर्च फार कमी करतो, योग्य करतो की फार जास्त करतो’ अशी एक प्रश्नमाला असते. पर्यावरण त्यात सुरुवातीपासून आहे. महामार्ग आणि सार्वजनिक वाहतूक 1984 मध्ये आले. मालिका मोलाची आहे, कारण शब्द न बदलता वर्षानुवर्षं तेच विचारलंय. पण ‘फार कमी’ म्हणायला उत्तर देणाऱ्याच्या खिशातून काहीच जात नाही. कर किती वाढेल, दुसरीकडचा कुठला खर्च कापला जाईल, काही सांगितलेलं नसतं. अशा प्रश्नावर शाळा, इस्पितळ, बस, बाग, सगळ्यांनाच पाठिंबा मिळतो. वर्षांची तुलना करायला हा आकडा वापरा, ‘लोकांना बस हवी आहे’ याचा पुरावा म्हणून नको. शिवाय 2021 ची फेरी कोविडमुळे मुख्यतः इंटरनेटवरून घेतली गेली. त्याआधी मुलाखती समोरासमोर व्हायच्या. समोर माणूस असला की लोक जरा शहाण्यासारखं बोलतात, त्यामुळे 2018 आणि 2021 यांची थेट वजाबाकी करू नका.

प्यू रिसर्च सेंटर या जनमत पाहणाऱ्या संस्थेचे दोन प्रश्न पाहा. एक प्राधान्यक्रमाचा: सरकारने यंदा कशाला अग्रक्रम द्यावा? जानेवारी 2024 मध्ये अर्थव्यवस्था 73 टक्के, हवामानबदल 36 टक्के. हा 36 मात्र फसवा आहे. डेमोक्रॅट 59 आणि रिपब्लिकन 12, यांच्यामधली ती सरासरी आहे, आणि त्या सरासरीवर प्रत्यक्षात फारसं कुणी उभं नाही. पक्ष न पाहता अमेरिकी माणसाचं मत सांगणारा लेख दिसला की पुढे वाचू नका.

दुसरा प्रश्न घराचा. घर मोठं आणि लांबलांब, पण शाळा-दुकानं काही मैलांवर. की घर लहान आणि दाटीवाटीचं, पण सगळं चालत जाण्याजोगं? 2023 मध्ये 57 टक्क्यांनी पहिलं निवडलं, 42 टक्क्यांनी दुसरं. इथे एक हवं तर दुसरं सोडावं लागतं, आणि ते प्रश्नातच लिहिलंय. उचलायचाच असेल तर हा साचा उचला.

वागण्याचे आकडे जनगणना खात्याच्या अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेत मिळतात, तक्ता बी08301. कामावर एकट्याने गाडी चालवत जाणारे 2019 मध्ये सुमारे 76 टक्के होते, 2022 मध्ये 69 च्या आसपास. हे पाहून कुणी ‘गाडीचं वेड ओसरलं’ म्हणाला तर लगेच शेजारच्या ओळी दाखवा. घरून काम करणारे 6 टक्क्यांखालून 15 वर गेले आणि बस-रेल्वेवाले 5 वरून 3 वर आले. लोक गाडीतून उतरून बसमध्ये चढले नाहीत, घरी बसले.

आणि हा प्रश्न विचारतात कसा तेही बघा: गेल्या आठवड्यात कामावर सहसा कशाने गेलात? साधनं दोन असतील तर जास्त अंतर ज्याने कापलं तेवढंच लिहायचं. म्हणजे हाच प्रश्न इथे विचारला तर चोडणहून चालत धक्क्यावर येऊन, फेरीबोटीने रायबंदर गाठून, पुढे बसने पणजीला जाणारा माणूस फक्त ‘बस’ म्हणून मोजला जाईल. चालणं गायब, फेरीबोट गायब. बाजार, शाळा, देऊळ, दवाखाना तर प्रश्नातच नाहीत.

जुना_नकाशा

तफावत का, याचं उत्तर माझ्या मते स्वभावात शोधण्यापेक्षा पैशाच्या नळात शोधावं.

1956 च्या महामार्ग कायद्याने आंतरराज्य रस्त्यांचा 90 टक्के खर्च केंद्राने उचलला आणि पेट्रोलवरच्या कराला वेगळी तिजोरी दिली, हायवे ट्रस्ट फंड. राज्याने 10 डॉलर काढले की समोरून 90 येणार. कुठला गव्हर्नर नाही म्हणेल? सार्वजनिक वाहतुकीला त्या तिजोरीत स्वतःचा खण मिळाला तो 1982 मध्ये, आणि वाटणी ढोबळमानाने 80-20 अशी बसली. ती आजही फारशी हललेली नाही.

कर मात्र हललाच नाही. गॅलनला 18.4 सेंट, ऑक्टोबर 1993 पासून तेवढाच, महागाईशी न जोडलेला. लिटरचा हिशेब केला तर पाच सेंटांहून थोडा कमी, म्हणजे चार-साडेचार रुपये. राज्यांचे कर वेगळे. आपल्याकडे मे 2022 च्या कपातीनंतरसुद्धा एकट्या केंद्राचा अबकारी कर लिटरला 19.90 रुपये होता. तिथली ती तिजोरी आता रस्त्यांनाही पुरत नाही. 2008 पासून सर्वसाधारण महसुलातून तिच्यात भर घालावी लागते. ‘आम्ही पेट्रोलवर कर भरतो, रस्ते आमच्या पैशाचे’ हे तिथल्या वाहनचालकाचं ठाम मत आहे, आणि ते निम्मंच खरं आहे.

आता पार्किंग. मला यातला सगळ्यांत बोलका भाग हाच वाटतो. अमेरिकेतल्या अनेक शहरांच्या बांधकाम नियमांत किमान पार्किंगची अट असायची, बऱ्याच ठिकाणी अजून आहे. उपाहारगृहासाठी नेहमी दिसणारा आकडा म्हणजे दर 100 चौरस फुटांना एक जागा. एक जागा 9 फूट बाय 18 फूट, म्हणजे 162 चौरस फूट. गाडी आत-बाहेर करायची वाट धरली की जागेमागे 320-330 चौरस फूट लागतात. हजार चौरस फुटांच्या खानावळीला दहा जागा, म्हणजे सव्वातीन हजार चौरस फूट डांबर. जेवायच्या जागेच्या तिप्पट जमीन गाड्यांना, आणि त्याचा खर्च चालत आलेल्या गिऱ्हाइकाच्या बिलातही! अशी दहा दुकानं ओळीने लावा: शेजारच्या दुकानात जायलाही माणूस गाडी काढतो. मग सर्वेक्षणवाला येऊन विचारतो, तुम्ही चालत का जात नाही?

हे उलटायला सुरुवात झालीय. बफेलोने 2017 मध्ये किमान पार्किंगची अट काढली, मिनियापोलिसने 2021 मध्ये. कॅलिफोर्नियाने 2022 च्या कायद्याने मोठ्या बस-रेल्वे थांब्यांपासून अर्ध्या मैलाच्या आत ती काढून टाकली. पण उभी राहिलेली इमारत नियम बदलला म्हणून सरकत नाही. परिणाम दिसायला एक पिढी जाईल.

पिकअपचंही तसंच. 1975 च्या कायद्याने मोटारींना इंधनबचतीची अट आली, पण ‘हलके ट्रक’ वेगळ्या, सैल गटात गेले. एसयूव्ही बहुतांशी त्याच गटात बसल्या. त्यात आयात हलक्या ट्रकांवर 1964 पासून 25 टक्के शुल्क, म्हणजे घरच्या कंपन्यांना स्पर्धा कमी आणि नफा जास्त. ज्यात नफा, त्याची जाहिरात. गिऱ्हाइकाची आवड त्यानंतर येते.

शटल_पकडणारी

जुना_नकाशा दादा, माहिती पक्की आहे, पण तुम्ही मतदाराला फार सहज सोडून दिलंत. हे नियम आकाशातून पडले नाहीत.

लॉस एंजेलिस काउंटीचं मेझर एम घ्या, म्हणजे वाहतुकीसाठीच्या कराचा मतदानाला ठेवलेला प्रस्ताव. नोव्हेंबर 2016, अर्धा टक्का विक्रीकर, मुदत नाही, मंजुरीला दोन-तृतीयांश मतं हवीत. मिळाली 71 टक्के. वाचणाऱ्याला वाटतं, वा, लोकांना बस-मेट्रो हवी! प्रत्यक्षात त्याच वर्षांत तिथे बसचे प्रवासी घटत होते. योजनेचं अधिकृत नाव होतं ‘वाहतूक सुधारणा योजना’. दुसरे बसमध्ये बसतील, माझा रस्ता मोकळा होईल, या हिशेबानेही मत देता येतं, आणि ते ‘हो’ मध्येच मोजलं जातं.

न्यूयॉर्कचा गर्दी-शुल्काचा किस्सा याच्या उलट बाजूने पाहावा. मॅनहॅटनमध्ये 60 व्या रस्त्याच्या दक्षिणेला शिरणाऱ्या मोटारीला 15 डॉलर, सुरुवात 30 जून 2024 ला, सगळं ठरलेलं. कॅमेरेसुद्धा बसले होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात गव्हर्नर होकल यांनी ते थांबवलं. नोव्हेंबरची निवडणूक झाली आणि तेच शुल्क 9 डॉलरवर आणून 5 जानेवारी 2025 ला सुरू केलं. आधी विरोध जड होता. सुरू झाल्यावर शहरात पाठिंबा वाढला.

ही एकच घटना असती तर सोडून दिली असती. पण कॅलिफोर्नियाने 2017 मध्ये पेट्रोलवर गॅलनला 12 सेंट वाढवले, 2018 मध्ये ते रद्द करायचा प्रस्ताव मतदानाला आला आणि मतदारांनी तो फेटाळला. वॉशिंग्टन राज्याने कार्बन कराचा प्रस्ताव 2016 मध्ये नाकारला, 2018 मध्ये शुल्काच्या रूपात पुन्हा आला तेव्हाही नाकारला. मग विधिमंडळाने उत्सर्जनावर मर्यादा घालून परवाने विकायचा कायदा केला, आणि 2024 मध्ये तो रद्द करा म्हणणारा प्रस्ताव 62 टक्क्यांनी आपटला. नवं शुल्क येण्याआधी विचारलं की ‘नको’. आल्यावर, त्यातून काहीतरी होताना दिसल्यावर, ‘काढा’ म्हणायलाही लोक तयार नसतात.

याला एक अपवाद आहे आणि तो जास्त शिकवतो. त्याच वॉशिंग्टनमध्ये 2019 ला वाहन नोंदणीचं वार्षिक शुल्क 30 डॉलरवर आणायचा प्रस्ताव मतदारांनी मंजूर केला. बस-रेल्वेचा काही पैसा त्यातून येत होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये तो घटनाबाह्य ठरवला म्हणून वाचला. फरक काय? पेट्रोलचा कर दरात मुरलेला असतो. नोंदणीचं बिल वर्षातून एकदा, एकरकमी, नावानिशी घरी येतं. रक्कम किती यापेक्षा ती कशी मागितली जाते यावर राग ठरतो.

दुचाकी_प्रदेश

अमेरिकेचे तक्ते जसेच्या तसे आणाल तर गोवाच त्यात सापडणार नाही. तिथल्या तक्त्यात मोटरसायकल म्हणजे तळाची एक बारीक ओळ. इथे अर्धं गाव स्कूटरवर. स्कूटरवाल्याला ना पार्किंगचा त्रास जाणवतो, ना पेट्रोलचा फारसा चटका. शिवाय गावाकडची शेवटची बस लवकर जाते, त्यामुळे संध्याकाळची पाळी किंवा शिकवणी असलेल्याला स्कूटर ही चैन नाहीच. ‘गाडी आहे का’ असं मोघम विचारू नका. दुचाकी किती, चारचाकी किती, आणि घरात चालवता येणारे किती, असं वेगळं विचारा. बस कमी पडते ती मुख्यतः ज्यांना चालवता येत नाही त्यांना, आणि दारात स्कूटर असली तरी घरच्या आजीला त्याचा उपयोग नसतो.

‘गोव्यात माणशी एक वाहन’ हे वाक्य अहवालात टाकायचा मोह होईल. नोंदणीचे एकूण आकडे घेतले तर त्यात भंगारात गेलेली, राज्याबाहेर विकलेली आणि भाड्याने फिरणारी वाहनं सगळी आली. घरोघर मोजलेला तुमचा स्वतःचा आकडा त्याहून खरा.

तुलनेला आधार हवा तर 2011 च्या जनगणनेचा बी-28 तक्ता घ्या. कामावर कशाने आणि किती लांब जातात, जिल्हावार. त्यात दुचाकी वेगळी आहे आणि जलवाहतुकीचाही रकाना आहे. जुना आहे, आणि शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगवाले वगळून बाकीचेच कामगार त्यात आहेत, हे तळटीपेत लिहा.

पर्वरीकर

सर्वांचे आभार. म्हणजे प्रश्न उचलायचे नाहीत, साचा उचलायचा, हे कळलं. आता घरं किती निवडायची आणि प्रश्न नेमके कसे मांडायचे? आमच्या मुलांनी केलेल्या मसुद्यात पहिलाच प्रश्न आहे, ‘गावात चांगली बससेवा असावी असं तुम्हाला वाटतं का?’

आकडेमोड

तो आधी खोडा. त्याला ‘नाही’ म्हणणारा माणूस बार्देश तालुक्यात भेटणार नाही.

घरांचा हिशेब. 95 टक्के खात्री आणि पाच टक्के इकडेतिकडे चालत असेल तर 6,000 मतदारांमागे 362 पूर्ण उत्तरं लागतात. कुलूपबंद घरं आणि नकार मिळून चतुर्थांश धरा, म्हणजे 500 दारं वाजवावी लागतील. 2,000 घरं भागिले 500, दर चौथं घर. पहिलं कुठलं ते 1 ते 4 च्या चिठ्ठीने ठरवा. कुलूप दिसलं की शेजारच्या घरात शिरायचं नाही; वेगळ्या दिवशी, वेगळ्या वेळी आणखी दोनदा जायचं. शेजारी शिरलात की दिवसभर घरी असणारेच नमुन्यात भरतात आणि कामावर जाणारे, म्हणजे ज्यांच्याबद्दल सर्वेक्षण आहे तेच, निसटतात. घरात गेल्यावर जो पुढे येईल त्याला नको, ज्या प्रौढाचा वाढदिवस सर्वांत आधी येणार आहे त्याला विचारा. नाहीतर प्रत्येक घरी कर्ते पुरुषच उत्तर देतील.

प्रभागवार निकाल छापू नका. 362 भागिले 9 म्हणजे प्रभागाला 40. त्यावर चूक 15 टक्क्यांची. पंचसदस्य मात्र तेच आधी मागतील.

प्रवासाचं विचारताना ‘सहसा’ नको, ‘काल’ विचारा: काल घराबाहेर कुठेकुठे गेलात, प्रत्येक टप्पा कशाने, किती वाजता, किती पैसे? मात्र भेटी आठवड्याच्या सातही दिवसांत विभागा. सगळ्या शनिवारी केल्यात तर ‘काल’ म्हणजे म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, आणि सगळं गाव म्हापशालाच जातं असा निष्कर्ष निघेल.

पार्किंगचा प्रश्न दोन फॉर्मांत फोडा. ‘अ’ फॉर्म: बाजारात चारचाकीला तासाला 20 रुपये, दुचाकीला 5. ‘आ’ फॉर्म: तेच दर, आणि जमलेली रक्कम त्याच रस्त्याच्या पदपथावर खर्च होणार. फॉर्म एकाआड एक वाटा, मुलांना निवडू देऊ नका. प्रत्येकी 180 उत्तरं असतील तर दोन फॉर्मांतला फरक दहा टक्क्यांहून जास्त असल्याशिवाय त्यावर काही बोलू नका. याहून जास्त तुकडे केलेत तर काहीच हाती लागणार नाही, म्हणून दराच्या चार पायऱ्या वगैरे नकोत.

प्राधान्यासाठी दहा चिंचोके हातात द्या आणि पाच वाट्या ठेवा: रस्ता, बस, पदपथ, कचरा, पाणी. एका चिंचोक्यामागे पंचायतीचे किती रुपये ते आधी सांगा. वाट्यांचा क्रम दर घरी बदला, पहिल्या वाटीत उगाच जास्त पडतात. मोजताना मान वळवा. समोर पोरगा टक लावून बघत असला की कचऱ्याच्या वाटीत शहाणपण पडतं. प्रत्येक वाटीत दोन-दोन टाकणारे बरेच निघतील. त्यांना फेकू नका, वेगळे मोजा: ते बहुधा ‘मला मत नाही’ म्हणतायत.

शटल_पकडणारी

दोनच गोष्टी जोडते. दुपारी एक ते चार कुणाचं दार वाजवू नका, मिळेल ते उत्तर झोपमोडीचं असेल. संध्याकाळी साडेपाचनंतर जा. आणि भाडेकरूंना वगळू नका. मतदारयादीत नसतील, पण तुमच्या बसमध्ये रोज उभे असतात ते तेच. नमुना यादीवरून न काढता घरांवरून काढताय, ते बरंच आहे. फक्त 362 हा आकडा मतदारांवरून काढलाय. प्रौढ 8,000 निघाले तरी तो 367 होतो, फरक पडत नाही.

खरं अभियान सुरू करण्याआधी दुसऱ्या प्रभागाच्या टोकाला वीस घरांत फॉर्म चालवून बघा. पंधरा मिनिटांवर गेला तर ‘काल’चा प्रश्न ठेवा आणि मतांचे कापा.

आकडेमोड

वीस घरांची ती उत्तरं नंतर खऱ्या नमुन्यात मिसळू नका, शब्द बदललेले असतात. आणि निकालाच्या पहिल्याच पानावर ठळक लिहा: किती दारं वाजवली, किती बंद, किती नकार, किती पूर्ण. ग्रामसभेत पहिला हात त्यावरच वर होईल.